मुलांची चित्रे आणि दोन देश : चरोद्याहून पाहिलेला भारत–सोव्हिएत सांस्कृतिक विनिमय

या टिपणाचा विषय वरवर छोटा वाटेल : मुलांच्या चित्रकला स्पर्धा. दोन देशांमधल्या सांस्कृतिक विनिमयाचा अभ्यास करताना आपण करार वाचतो, नेत्यांचे दौरे पाहतो, नर्तक-गायकांची पथके कुठून कुठे गेली याची नोंद घेतो. शाळकरी मुलाने तेलखडूने रंगवलेला कागद ऐतिहासिक साधन म्हणून सहसा कुणी हाती घेत नाही. तो घ्यावा, आणि घेताना त्याच्याकडे थोड्या संशयानेही पाहावे, असे मला सुचवायचे आहे.

हा इतिहास नेहमी दिल्लीहून सांगितला जातो. आपण चरोद्याहून सुरुवात करू.

चरोद्याचे यार्ड आणि १९५५ चा करार

दुर्गहून रायपूरकडे निघालात आणि भिलाई स्टेशन मागे पडले, की रुळांचा पसारा एकाएकी रुंदावतो. पोलाद कारखान्याला लागणारा कच्चा माल आत न्यायचा आणि तयार माल बाहेर काढायचा, त्यासाठी मालगाड्या जोडण्याचे आणि तोडण्याचे हे ठिकाण. रेल्वेची माणसे चरोद्याला अजून 'बीएमवाय' म्हणतात. भिलाई मार्शलिंग यार्डाची ती आद्याक्षरे आहेत. म्हणजे गावाचे हे चालू नावच कारखान्यामुळे पडलेले आहे, आणि तो कारखाना दोन देशांमधल्या करारातून उभा राहिलेला आहे.

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाई पोलाद कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. पहिल्या टप्प्यात वर्षाला १० लाख टन पोलादाची क्षमता ठरली होती. त्याच वर्षी जूनमध्ये पंडित नेहरू सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर गेले आणि तिथला मॅग्निटोगोर्स्कचा प्रचंड पोलाद कारखाना त्यांनी पाहिला. भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. उभारणीच्या काळात वेनियामिन दिमशित्स हे सोव्हिएत बाजूचे मुख्य अभियंता होते. त्यांच्यासोबत आलेले तंत्रज्ञ आणि त्यांची कुटुंबे भिलाईतच राहत.

मराठी वाचकाने इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९५५ मध्ये हा करार झाला तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. भाषावार पुनर्रचना व्हायला अजून पावणेदोन वर्षे होती. त्यामुळे नागपूरच्या दृष्टीने भिलाई हा घरचाच मामला होता. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, भिलाई नव्या मध्य प्रदेशात राहिली आणि २००० साली छत्तीसगडमध्ये आली. दुर्ग, राजनांदगाव, रायपूर या पट्ट्यातली मराठी कुटुंबे या सगळ्या सीमा डोक्यावरून जाऊ देत जिथल्या तिथे राहिली. चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मराठी, तेलुगू, बंगाली, ओडिया आणि छत्तीसगढी एकाच जिन्यावर ऐकू यावी, यात इथल्या माणसाला काही नवल वाटत नाही.

पोलादामागोमाग संस्कृती आली. १२ फेब्रुवारी १९६० रोजी दिल्लीत भारत–सोव्हिएत सांस्कृतिक, वैज्ञानिक आणि तांत्रिक सहकार्याचा करार झाला. निकिता ख्रुश्चेव्ह तेव्हा भारतात होते, आणि त्याच दौऱ्यात ते भिलाईलाही येऊन गेले. पोलादाचा करार आधी आणि संस्कृतीचा करार पाच वर्षांनी, हा क्रम तुम्ही लक्षात ठेवा. दोन देशांच्या मैत्रीचे वर्णन करणारे लेखन बहुधा तो उलटा सांगते : जणू मने आधी जुळली आणि मग यंत्रे आली.

चित्र हेच का निवडले?

मुलांच्या चित्राला स्वतंत्र मोल आहे, ही कल्पना फार जुनी नाही. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ च्या सुमारास मुलांचे चित्रवर्ग सुरू केले. मुलाला मोठ्यांची नक्कल करायला लावू नका, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या चित्रांची प्रदर्शने पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात फिरली, म्हणजे कालपर्यंत शत्रू असलेल्या देशातल्या मुलांची चित्रे इंग्रजांनी रांगा लावून पाहिली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननेही आपल्या मुलांची चित्रे परदेशांत प्रदर्शनासाठी पाठवली. ती निवडण्याच्या कामातून हर्बर्ट रीड या समीक्षकाला कलेतून शिक्षणाचा विचार सुचला, आणि १९४३ मध्ये त्याने त्यावर ग्रंथ लिहिला.

'निरागसता' हे कारण सगळेच देतात. मला त्याहून साधे कारण दिसते : चित्र स्वस्त पडते. नृत्यपथक पाठवायचे तर व्हिसा, भाडे, मुक्काम, दुभाषे, वाद्यांच्या पेट्या, सगळेच आले. मुलाचे चित्र एका मोठ्या पाकिटात, पोस्टाच्या तिकिटावर सीमा ओलांडते. त्याला भाषांतर लागत नाही, आणि त्यावरून संसदेत प्रश्नही विचारला जात नाही. नवस्वतंत्र, पैशाने तोकड्या देशाला हा विनिमय परवडणारा होता.

भारतात या कल्पनेला आकार दिला तो व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लै यांनी. 'शंकर्स वीकली' हे त्यांचे साप्ताहिक १९४८ मध्ये निघाले. १९४९ मध्ये त्यांनी मुलांसाठी चित्र आणि लेखनाची स्पर्धा घेतली, आणि पुढच्याच वर्षी ती आंतरराष्ट्रीय केली. १९४९ च्या त्या बालविशेषांकासाठी नेहरूंनी डिसेंबरमध्ये मुलांना उद्देशून एक पत्र लिहिले. त्यात त्यांनी जपानी मुलांच्या मागणीवरून पाठवलेल्या हत्तीचा उल्लेख केला आहे.

ही हत्तीची हकीकत थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती आणि इतर मोठी जनावरे युद्धकाळात, १९४३ मध्ये, सरकारी हुकमाने मारण्यात आली होती. युद्धानंतर तिथल्या शाळकरी मुलांनी नेहरूंना पत्रे लिहून एक हत्ती मागितला. सप्टेंबर १९४९ मध्ये म्हैसूरकडची एक हत्तीण टोकियोला पोहोचली. नेहरूंनी तिचे नाव आपल्या मुलीवरून 'इंदिरा' ठेवले होते, आणि ती १९८३ पर्यंत जगली. इथे मुलांनी काहीतरी मागितले आणि त्यांना तेच मिळाले. पुढच्या बहुतेक स्पर्धांत मोठ्यांनी मागितले आणि मुलांनी दिले. दोन्हींना आपण 'मुलांमधला विनिमय' म्हणतो, पण दोन्ही एक नव्हेत.

शंकर यांच्या स्पर्धेत एक चांगली गोष्ट होती : चित्राचा विषय मुलाने निवडायचा. आणि निवडक चित्रे 'शंकर्स चिल्ड्रन्स आर्ट नंबर' या वार्षिक अंकात छापली जात. माझ्या मते खरा विनिमय बक्षीस समारंभात कधीच झाला नाही. तो या अंकात झाला. एखाद्या शाळेच्या वाचनालयात तो अंक आला, की तिथले मूल कुठल्याशा दूरच्या देशातल्या मुलाने रंगवलेला बाजार किंवा बर्फ पाहू शके. पदक एकालाच मिळते, अंक अनेकांच्या हाती जातो.

याच स्पर्धेतून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. हंगेरीच्या राजदूतांनी स्पर्धेत बक्षीस म्हणून देण्यासाठी शंकर यांना एक बाहुली दिली. ती शंकर यांना इतकी आवडली की ते देशोदेशीच्या बाहुल्या जमवू लागले, आणि १९६५ मध्ये दिल्लीच्या नेहरू हाउसमध्ये आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय उघडले. मोजक्या मुलांना मिळणाऱ्या बक्षिसाचा विचार एका माणसाच्या हौसेने हजारो मुलांच्या सहलीपर्यंत नेला. करारांच्या मसुद्यात असले काही लिहिता येत नाही.

आर्तेकची वाट

आता सोव्हिएत बाजूकडे वळू. स्पर्धेमागे इथे साधी हौस नव्हती, संस्था होत्या. 'सोव्हिएत लँड' हे पाक्षिक भारतात इंग्रजीबरोबर मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघे. गुळगुळीत कागद, रंगीत छायाचित्रे आणि नाममात्र किंमत. त्याची पाने वह्या-पुस्तकांना कव्हर घालायला उत्तम, हे त्या पिढीतल्या कुणालाही विचारा. नेहरूंच्या निधनानंतर या पाक्षिकाने 'सोव्हिएत लँड नेहरू पुरस्कार' सुरू केले. लेखक, अनुवादक, पत्रकार यांच्याबरोबर मुलांच्या चित्रांसाठीही त्यात जागा होती, आणि विजेत्या मुलांचे बक्षीस म्हणजे क्रिमियातल्या 'आर्तेक' शिबिराची सफर.

काळ्या समुद्राच्या काठी, गुर्झूफजवळ १९२५ मध्ये सुरू झालेले हे बालशिबिर सोव्हिएत राज्याचे दाखवण्याचे दालन होते. नेहरू आणि इंदिरा गांधी दोघांनीही त्याला भेट दिली होती. देशोदेशीची मुले तिथे आणली जात. १९८३ मध्ये, शीतयुद्ध ऐन तापलेले असताना, सामंथा स्मिथ ही अमेरिकन शाळकरी मुलगी सोव्हिएत नेते युरी अँद्रोपोव्ह यांना पत्र लिहून तिथे पाहुणी म्हणून गेली होती. तेव्हा आर्तेकमध्ये जाणाऱ्या भारतीय मुलाच्या हाती चित्र होते खरे, पण यजमानाच्या दृष्टीने ते मूल स्वतःच एक चित्र होते : रांगेत उभे केलेले, लाल रुमाल बांधलेले, छायाचित्रात मावणारे.

उलट दिशेने आलेली चित्रेही होती. नाद्या रुशेवा ही मॉस्कोची मुलगी. जन्म १९५२, मृत्यू १९६९, अवघे सतरा वर्षांचे आयुष्य. पेन किंवा फेल्टपेनच्या एका ओघात, खोडरबर न वापरता ती रेखाटने करी. तीही आर्तेकला गेली होती. तिच्या रेखाटनांची प्रदर्शने सोव्हिएत संघाबाहेर ज्या मोजक्या देशांत झाली, त्यांत पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, रुमानिया यांच्याबरोबर भारतही होता. 'तुमच्या मुलांनी आमच्याकडे पाठवायचे' इतकेच हे नव्हते, याचा हा एक ठोस पुरावा.

तरी मराठी मुलांपुरते बोलायचे, तर रशियाहून जे भरभरून आले ते चित्रकला स्पर्धांमधून आले नाही. ते पुस्तकांतून आले. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची मराठी बालपुस्तके लोकवाङ्मय गृहामार्फत महाराष्ट्रभर विकली जात. अनिल हवालदार यांच्यासारखे अनुवादक ती थेट मराठीत आणत. कथा मराठीत आणि चित्रे रशियन चित्रकारांची. फर्च्या टोप्या, लाकडी घरे, पांढऱ्या सालीची बर्चची झाडे मराठी मुलाने पहिल्यांदा पाहिली ती या पानांवर, आणि त्यासाठी त्याला कोणतीही स्पर्धा जिंकावी लागली नाही. विनिमय मोजायचा असेल तर पदके मोजू नका, अशी पुस्तके किती घरांत टिकली ते विचारा.

भिलाईत १९७२ मध्ये 'मैत्री बाग' उभी राहिली. आदल्या वर्षी, ९ ऑगस्ट १९७१ रोजी, भारत–सोव्हिएत मैत्री करार झाला होता. आज मैत्री बाग म्हटले की इथल्या मुलांना पांढरे वाघ आणि पाण्यातली होडी आठवते. 'मैत्री' कुणाची, हे विचारणारे मूल मला अजून भेटलेले नाही. यात दुःख मानण्याचे कारण नाही. शब्द वापरून गुळगुळीत होतात, तसेच हेही.

पाठवणारा हात कुणाचा?

आता संशयाच्या भागाकडे येऊ. स्पर्धेसाठी आलेल्या चित्रामागे मुलाखेरीज आणखी तीन-चार हात असतात.

पहिला हात चित्रकलेच्या शिक्षकाचा. स्पर्धेचे पत्रक शाळेत आले तर मूल भाग घेणार. पत्रक त्या शाळेत येते जिथे ते उघडून वाचणारे कुणी असते. कारखान्याच्या नगरीत आखीव रस्ते आणि शाळा होत्या, तर कुंपणाबाहेरच्या गावांत आणि वस्त्यांत चित्रकलेचा तास वेळापत्रकातही नसे. भट्टी एकच, तिचा धूरही सगळ्यांचा, पण रंगपेटी मात्र सगळ्यांची नव्हती. 'भारतातील मुलांनी पाठवलेली चित्रे' असे प्रदर्शनाच्या फलकावर वाचाल तेव्हा 'भारतातील कोणती मुले?' हा प्रश्न पहिला विचारा.

दुसरा हात वळणाचा. महाराष्ट्रातल्या वाचकांना चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा ठाऊक आहेत : एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. सावली कुठल्या बाजूला, मटक्याचा काठ किती लंबगोल, हे तिथे गुण ठरवते. या शिस्तीचा फायदा मोठा आहे आणि मी तिची थट्टा करत नाही. पण बालचित्रांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षकांना नेमके उलटे आवडे : सपाट, धीट रंग, माणसे घरापेक्षा मोठी, आकाशाला कागदाच्या वरच्या काठावरची एक पट्टी. मग अनुभवी शिक्षक एकाच वर्गात दोन प्रकार शिकवू लागले, एक परीक्षेचा आणि एक स्पर्धेचा. निरागसपणाही शिकवता येतो, असा त्याचा अर्थ.

तिसरा हात विषयाचा. मैत्री किंवा शांतता असा विषय मोठ्यांनी ठरवला की पांढरे कबूतर, पृथ्वीचा गोल आणि हातात हात घेतलेली मुले हटकून येतात. अशी चित्रे पाहताना कबुतराकडे दुर्लक्ष करा आणि कोपरे पाहा. मुले मुख्य विषय मोठ्यांसाठी काढतात, कोपरे स्वतःसाठी. गोलाशेजारी उभ्या मुलीच्या पायात चपला आहेत का, पाठीमागे नळावर रांग आहे का, 'परदेशी' मूल ओळखू यावे म्हणून त्याला काय घातले आहे? परदेशाबद्दल मुलाच्या मनात काय होते ते त्या टोपीवरून किंवा सोनेरी केसांवरून कळेल. घोषणेवरून फक्त शिक्षकाच्या मनातले कळेल.

या तिन्ही हातांमुळे चित्र खोटे ठरत नाही. इतिहासाचे कोणते साधन अनेक हातांतून येत नाही? ताम्रपटावर राजाचे नाव असते, मजकूर कारकुनाचा असतो आणि अक्षरे कोरणाऱ्याची. तरी आपण ताम्रपट वाचतोच.

इथे एका वेगळ्या स्पर्धेचा उल्लेख करतो, कारण तिने हा प्रश्न अधिक टोकदार होतो. १० जून १९४२ रोजी नाझींनी चेकोस्लोव्हाकियातले लिदित्से हे गाव उद्ध्वस्त केले आणि त्यानंतर गावातली ८२ मुले मारली. त्यांच्या स्मरणार्थ १९६७ पासून तिथे मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरते, आणि १९७३ पासून ते आंतरराष्ट्रीय आहे. भारतीय मुलेही तिथे चित्रे पाठवत आली आहेत. पाठवताना त्यांना लिदित्से म्हणजे काय हे कुणी सांगते का? सांगितले तर दहा वर्षांचे मूल त्यानंतर रंगपंचमी रंगवील का? आणि न सांगता पाठवलेल्या रंगपंचमीला आपण विनिमय म्हणायचे का? वर्गात यावर वाद होऊ द्या. माझा स्वतःचा कल सांगायला हरकत नाही : सांगावे, आणि मग मूल जे काढील ते पाठवावे, रंगपंचमी काढली तरी.

देश बदलले, प्रमाणपत्र राहिले

१९८७ मध्ये सोव्हिएत संघात 'भारत महोत्सव' सुरू झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस भारतात सोव्हिएत महोत्सव. एवढा मोठा सोहळा पूर्वी झाला नव्हता, आणि चारच वर्षांत, डिसेंबर १९९१ मध्ये, दोन देशांपैकी एक देश नकाशावरून गेला. 'सोव्हिएत लँड' गेले, त्याचे पुरस्कार गेले. मराठी पुस्तके रद्दीत आणि जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवर आली, आणि आता तीच पुस्तके शोधत हौशी माणसे हिंडतात. आर्तेकचे तर विशेषच. क्रिमिया १९५४ मध्ये रशियाकडून युक्रेनकडे दिला गेला होता, पण दोन्ही एकाच संघात असल्याने मुलांना त्याने फरक पडला नाही. १९९१ नंतर आर्तेक स्वतंत्र युक्रेनमध्ये राहिले. २०१४ पासून ते रशियाच्या ताब्यात आहे, आणि तो ताबा बहुसंख्य देशांनी मान्य केलेला नाही. सत्तरच्या दशकात तिथे गेलेले भारतीय मूल आज साठीच्या घरात असेल. 'आपण कोणत्या देशाला गेलो होतो?' या प्रश्नाला त्याच्याकडे एका शब्दाचे उत्तर नाही.

तुमच्या कामाचा भाग इथून सुरू होतो. अशा स्पर्धांच्या पत्रकांवर बहुधा एक ओळ असते : पाठवलेली चित्रे परत केली जाणार नाहीत. म्हणजे चित्र आयोजकांकडे राहते आणि मुलाकडे उरते प्रमाणपत्र, क्वचित एखादे पदक, नाहीतर समारंभाचा फोटो. चरोद्यासारख्या गावात आणखी एक अडचण. रेल्वेचे क्वार्टर निवृत्तीबरोबर सोडावे लागते. माणसे नागपूरला, गोंदियाला, विजयवाड्याला, खरगपूरला निघून जातात आणि ट्रंकेतले कागद त्यांच्याबरोबर जातात किंवा रद्दीवाल्याकडे. कारखान्याचा इतिहास दप्तरांत टिकेल. यार्डाच्या कडेला वाढलेल्या मुलाने कुठल्या देशाला काय काढून पाठवले, ते या ट्रंकांबाहेर कुठेही नोंदलेले नसते.

म्हणून घरात किंवा शेजारी असे प्रमाणपत्र निघाले तर त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. वर्ष, स्पर्धेचे नाव, शाळा, सही कुणाची, मजकूर कोणत्या भाषांत आहे, हे उतरून घ्या. मग त्या व्यक्तीला समोर बसवून कागद-पेन्सिल द्या आणि तेव्हा काढलेले चित्र आठवेल तसे पुन्हा काढायला सांगा. चाळीस-पन्नास वर्षांनी हात वळत नाही, असे म्हणतील, आग्रह करा. कुठला रंग संपला होता, कुणी मदत केली, पाकीट कुणी पोस्टात टाकले, हे चित्र काढता काढता आपोआप सांगितले जाते. ते तसेच, त्यांच्या शब्दांत लिहून घ्या, आणि कागदाच्या मागच्या बाजूला तारीख घाला.